कुशीवर झोपून करायचे व्यायाम : सुरुवात कशी करावी
आपण कळवल्याप्रमाणे नितंबाच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून करायच्या व्यायामांचे एकदम पाच-सहा प्रकार आपण हाती घेतले आहेत आणि पायांभोवती घालून व्यायाम अवघड करणारा रबरी पट्टाही विकत घेतला आहे. माझ्या मते पहिले तीन-चार आठवडे दोनच पुरेत. एक, कुशीवर झोपून गुडघे दुमडावेत आणि टाचा जुळवलेल्या ठेवून फक्त वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडावा. दुसरा, वरचा पाय सरळ ठेवून उचलावा.

बहुतेकांची चूक एकच असते: गुडघा उंच नेण्याच्या नादात कंबर मागे कलंडते आणि नितंबाच्या बाजूच्या स्नायूंवर येणारा ताण निसटतो. म्हणून वरचा हात कमरेच्या हाडावर ठेवावा आणि ते मागे सरकू लागताच थांबावे, मग गुडघा जेमतेम वीतभर उघडला तरी बिघडत नाही.

सरळ पाय उचलताना :
- टाच किंचित मागे ठेवावी. बोटे छताकडे वळली की मांडीच्या पुढचे स्नायू भार घेतात.
- पाय खाली आणताना धपकन सोडू नये. खरी मेहनत तिथेच होते.

प्रत्येक बाजूला १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या, दिवसाआड. रबरी पट्ट्याची घाई नको, तो विकत घेतलेला असला तरीही. स्नायूत जळजळ होणे स्वाभाविक आहे. मात्र जांघेत किंवा सांध्यात टोचू लागल्यास व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टना दाखवावे.