सगळं वायरिंग उपटण्याआधी मल्टिमीटर लावा

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला घेतलं. साठच्या दशकातला जॅझ बास (फेंडरची बास गिटार), सतत हम म्हणजे घुमणारी गुणगुण, व्हॉल्यूम फिरवला की खरखर, आणि दुरुस्तीवाल्याचा सल्ला की आतलं सगळं काढून नवं वायरिंग किट बसवा. मलाही हाच सल्ला मिळाला होता, जवळपास याच शब्दांत. सोल्डरिंग कसं करायचं, डायग्राम कुठे मिळतो हे सांगत बसत नाही. तुमच्या लिहिण्यावरून ते तुम्हाला येतंय.

तुम्ही दिलेल्या लक्षणांपैकी एक बिघाड नाहीच. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हम जवळजवळ जातो आणि एकच उघडा ठेवला की परत येतो, असं तुम्ही म्हणताय. जॅझ बासला दोन पिकअप असतात, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबक-कॉइलच्या जोड्या, आणि प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्यूम. हे दोन पिकअप एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळलेले आणि उलट ध्रुवांचे असतात, त्यामुळे दोन्ही सारख्या जोरात चालू असले की बाहेरून घुसलेला हम परस्पर कटतो. म्हणजे तुमच्या दोन्ही कॉइल जिवंत आहेत आणि फेजही, म्हणजे दोन सिग्नलचा मेळही, बरोबर आहे. इतक्या जुन्या बासमध्ये ही फार मोलाची गोष्ट आहे. कृपा करून त्या पिकअपना कुणाला हात लावू देऊ नका.

दुसरं लक्षण महत्त्वाचं. तारांना हात लावून हम कमी होत नाही, पण कंट्रोल प्लेटला बोट टेकवलं की होतो. याचा सरळ अर्थ, पॉट (नॉबखालचे बदलते रोध) आणि जॅक (केबल लावायची जागा) इथपर्यंतचं अर्थिंग शाबूत आहे आणि ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या धातूच्या भागापर्यंत, ते पोचत नाही. ब्रिजखाली दाबून बसवलेली अर्थची वायर गंजते, तुटते किंवा स्क्रू सैल झाल्यावर नीट टेकत नाही. मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावा. एखाद्या ओहमच्या आसपास रीडिंग यायला हवं. मीटरला जोडणीच मिळाली नाही, तर तुमचा बिघाड एवढाच आहे. ब्रिजचे स्क्रू काढायचे, वायरचं टोक घासून चकचकीत करायचं, परत दाबून बसवायचं. सोल्डरिंग आयर्न गरमही करावं लागणार नाही.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय, कारण माझ्या बासचा बिघाड नेमका हाच होता आणि ज्या वर्कशॉपमध्ये तो दिला, तिथे कुणीही हे एक रीडिंग घेतलं नाही. 'जुनं वायरिंग कुजलंय' म्हणाले आणि मूळ पॉट, कपॅसिटर, जॅक, कापडी वेष्टनाच्या वायरी, सगळं कापून काढलं. बास परत आला तेव्हा हम जसाच्या तसा होता, कारण ब्रिजखालची वायर त्यांनी पाहिलीच नव्हती. वर नेकचा (मानेकडचा) पिकअप मेला होता. त्या काळातल्या पिकअपची कॉइल थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते, तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, आणि ती फायबरच्या पट्टीतल्या बारीक छिद्राशी सोल्डर केलेली असते. प्लेट उचलताना लीड (पिकअपमधून निघणारी वायर) ओढली गेली किंवा चुंबक वरून दाबला गेला की ती तुटते. विचारलं तर उत्तर मिळालं, 'तो आधीच गेलेला होता.' पावतीवर फक्त 'वायरिंग' एवढाच शब्द होता, त्यामुळे माझ्या हातात पुरावा काही नव्हता. पिकअप शेवटी दुसरीकडे रिवाइंड करून, म्हणजे नवी तार गुंडाळून घेतला. काम चांगलं झालं, पण ती मूळ कॉइल नाही ती नाहीच.

आणि जुने पॉट? कचऱ्यात. याचा राग अजून आहे. जुन्या पॉटच्या पाठीवर किंवा कडेला जो आकडा ठोकलेला असतो, त्यावरून तो कुणी आणि कधी बनवला हे कळतं. उदाहरणार्थ १३७६६३२ असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. सुरुवातीला ३०४ असेल तर स्टॅकपोल. बास त्या तारखेच्या आधी जोडलेला असू शकत नाही, एवढं तरी त्यावरून नक्की ठरतं. पॉट कापून फेकले की वाद्याचा जन्मदाखलाच गेला.

म्हणून बास कुणाच्याही हातात देण्याआधी आतले फोटो काढा आणि पिकअपची रीडिंग लिहून ठेवा. रीडिंगसाठी बास उघडायचीही गरज नाही. केबल लावा, एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्यावर, आणि केबलच्या मोकळ्या टोकावर मोजा. चांगला पिकअप ७-८ किलोओहमच्या जवळपास दिसतो. कॉइल तुटलेली असेल तर सव्वाशे किलोओहमच्या आसपास दिसेल, कारण मीटरला मग फक्त दोन २५० किलोओहमचे पॉट समांतर दिसतात. हे आकडे पावतीवर लिहून सही घ्या, आणि 'काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा' हेही लिहून घ्या. जो याला नकार देतो, त्याच्याकडे बास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरखरीसाठी पॉट बदलायची घाई नको. पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा. गंज सोडवायचा सर्वसाधारण स्प्रे मात्र नको, त्याचा तेलकट थर आत राहतो. कार्बनचा पट्टा खरोखरच झिजला असेल तर तेवढा एकच पॉट बदला. बदलताना एक लक्षात ठेवा: जॅझ बासमध्ये पिकअपची वायर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला येते आणि बाहेरच्या पायावरून पुढे जाते. हे उलट जोडलं, तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच अख्खा बास गप्प होतो.

टोन कंट्रोलच्या महागड्या 'व्हिंटेज' (जुन्या काळच्या) कपॅसिटरबद्दलही विचारलंय. माझ्या कानांना फरक कळलेला नाही. जुना ०.०५ मायक्रोफॅरॅडचा आणि आजचा ०.०४७ चा, दोन्ही व्यवहारात सारखेच, जुन्यांच्या टॉलरन्समध्ये (छापील आकड्यापासून चालणाऱ्या तफावतीत) याहून जास्त फरक असायचा. तुमचा जुना चालत असेल तर राहू द्या. काहींना हे पटणार नाही, त्यांच्याशी वाद नाही.

मी व्यावसायिक दुरुस्ती करत नाही, आणि तुमचा बास मी पाहिलेला नाही. आधीच्या मालकाने आत काही उलटसुलट केलं असेल, तर वरचे अंदाज चुकू शकतात. आणखी एक, ब्रिजचं अर्थिंग जोडलं की तारा थेट अँप्लिफायरच्या अर्थला जोडल्या जातात. त्यामुळे अँपचा तीन पिनांचा प्लग आणि भिंतीतलं अर्थिंग ठीक आहे याची खात्री आधी करा. व्हॉल्व्हचा अँप असेल तर तो स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये घातक व्होल्टेज शिल्लक असतं.

आज जमलं तर तीन रीडिंग घेऊन इथे टाका: ब्रिज ते जॅक, नेकचा पिकअप एकटा, ब्रिजचा पिकअप एकटा. सोबत कंट्रोल प्लेटच्या आतला एक स्पष्ट फोटो, पॉटवरचे आकडे दिसतील असा. तोवर किटची ऑर्डर देऊ नका.