होम्स-राहे स्केलवर माझे ३०९ आले, म्हणजे मी आजारी पडणार का? घरचे म्हणतात सगळं चांगलंच तर झालंय!

तुझ्या प्रश्नातली शेवटची ओळ वाचली आणि राहवलं नाही. (तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची दिसतेस.) लग्न, नवीन क्षेत्रातली नोकरी, साताऱ्याहून हिंजवडीला बिऱ्हाड, फ्लॅटचं लोन, त्यात आईचं ऑपरेशन, हे सगळं एका वर्षात, आणि घरचे म्हणतात मनासारखं सगळं झालं तरी हिचं आपलं टेन्शन चालूच. हे वाक्य मी स्वतः पुरेपूर ऐकलंय.

आधी स्कोअरचं. ३०९ बघून घाबरू नकोस. हे स्केल म्हणजे आयुष्यात बदल घडवणाऱ्या घटनांची यादी, वर्षभरात आपल्याकडे जे जे घडलं त्याचे मार्क मिळवायचे. ती होम्स आणि राहे या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ मध्ये काढली, त्यात ४३ घटना आहेत, लग्नाचा आकडा आधी धरून बाकीचे त्या मानाने लोकांना विचारून ठरवले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. नेटवर सगळीकडे ३०० च्या वर गेलात की ८० टक्के आजारी पडणार असं ठोकून दिलेलं असतं. पण राहेंनीच पुढे अमेरिकन नौदलाच्या अडीच हजारांवर खलाशांवर हे तपासलं, तेव्हा मार्क आणि आजारपण यांचा संबंध निघाला खरा, पण अगदी बारीक, ०.११८ (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पुरेपूर). हजारो लोक एकत्र घेतले की एक कल दिसतो, त्यावरून तुझं एकटीचं काय होणार ते कोणी सांगू शकत नाही.

तरी मला त्या यादीबद्दल आदर आहे, तो एकाच कारणासाठी. त्यात सुट्टीवर जाण्याला १३ मार्क आहेत, मोठं यश मिळालं तर २८, नवरा-बायकोचं पुन्हा जुळलं तर ४५. घटना चांगली की वाईट हा त्यांचा प्रश्नच नाही, घडी किती बदलावी लागली एवढंच ते मोजतात. आणि हेच मी आमच्या वन्संना सांगून सांगून थकले.

आमचे हे रेल्वेत लोको पायलट, भुसावळला. लग्न होऊन मी क्वार्टरमध्ये आले ती ह्यांच्या रिटायरमेंटपर्यंत तिथेच होते. ज्या वर्षी हे रिटायर झाले त्याच वर्षी मुलीचं लग्न झालं, उत्तम स्थळ, आणि रिटायरमेंटनंतर क्वार्टर काही महिनेच ठेवता येतं म्हणून नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला फ्लॅट घेऊन आम्ही तिकडे गेलो. म्हणजे बघ, कोणाला सांगितलं तर पेढे मागतील अशाच सगळ्या गोष्टी. आणि मला दुपारी दोन-अडीचला छातीत धडधडायला लागलं, हाताला घाम, घास गिळवेना.

रात्रीचं तर वेगळंच. रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर ड्युटी करणाऱ्यांच्या, घरात झोपेला वेळ नसते. पूर्वी ड्युटीचा निरोप घेऊन कॉलबॉय दारात यायचा, वही पुढे करायचा, सही घ्यायचा, नंतर फोन यायला लागला, पण ते रात्री एक, रात्री तीन, लाइन बॉक्स (ड्युटीवर न्यायची पेटी) भरायचा, डबा द्यायचा, हे अंगात मुरलेलं. नाशिकला आल्यावर हे रात्री उठून बसायचे. एकदा बघते तर दिवा न लावता हॉलमध्ये खुर्चीवर बसलेले, पायात बूट, लेस बांधलेली, पाण्याची बाटली मांडीवर. मी म्हटलं कुठे निघालात, तर म्हणाले, कुठे नाही गं, जाग आली. मी डबा करायला उठले नव्हते म्हणून मलाच कसंतरी वाटत होतं, आणि दोघंही तसेच बसून राहिलो.

वन्सं आल्या तेव्हा माझी धडधड चालू होती. म्हणाल्या, "पोरगी सुखात, नवरा घरात, पेन्शन चालू, आता तुला काय दुखतंय? आम्हाला नाही असली थेरं सुचली." चारचौघांत म्हणाल्या. मग डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड बघितलं, सगळं नॉर्मल, आणि त्यांनी विचारलं की वर्षभरात घरात काय काय बदललं. मी सांगत गेले आणि सांगता सांगताच लक्षात आलं की माझं जुनं काहीच उरलेलं नाही. शेजारीण नाही, भजनी मंडळ नाही, भाजीवाला नाही, मुलगी नाही, आणि ज्याच्या ड्युटीभोवती माझा दिवस फिरायचा ती ड्युटी पण नाही.

आता गंमत बघ, त्या अमेरिकन यादीत रिटायरमेंट ४५ आहे, पण ती ज्याची त्याची. १९६७ च्या मूळ यादीत नवरा रिटायर झाला तर घरातल्या बाईला त्याचे मार्क नाहीत! आपल्याकडची यादी आहे ना, गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांची १९८४ ची, ५१ घटनांची, ती शोधून बघ, आपल्या घरांशी जास्त जुळते. त्यात स्वतःचं लग्न किंवा साखरपुडा ४३ आणि मुलीचं किंवा अवलंबून असलेल्या बहिणीचं लग्न ४९. घर घेणं-बांधणं ४६, राहती जागा बदलणं ३९, झोपेची वेळ बदलणं ३३. ज्योतिषाच्या भाकिताला सुद्धा ५२ आहेत. म्हणजे लेकीचं लग्न लावून देणारी बाई थकते हे मोजून लिहून ठेवलंय, ते काही माझं नाटक नाही.

तुला खरंच आत्ताचा ताण मोजायचा असेल तर घटनांच्या यादीपेक्षा शेल्डन कोहेन यांची पर्सिव्हड स्ट्रेस स्केल घे, म्हणजे आपल्याला स्वतःला किती ताण वाटतोय ते मोजणारी, १९८३ ची, तिचं १० प्रश्नांचं रूप मिळतं. गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या असं ती विचारते, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ४० पैकी. त्यात ४ प्रश्नांचे मार्क उलटे (० ला ४, ४ ला ०) धरायचे असतात, तेवढं लक्ष ठेव नाहीतर स्कोअर चुकतो. महिन्याने परत भर, आपला आकडा आपल्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघायचा.

कमी कसा करायचा म्हणशील तर पॉझिटिव्ह राहा वगैरे मला काही उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडलं ते म्हणजे नवीन बदल थांबवणं. सगळे म्हणत होते आता मोकळे झालात, चारधाम करून या, मन रमेल. मी सरळ नाही म्हटलं. (तीर्थयात्रेला पण त्या आपल्याकडच्या यादीत २० आहेत.) दुसरं, जुन्यातलं एक तरी धरून ठेवायचं. आम्ही पहाटे चारचा चहा धरला, ड्युटीवरून आल्यावरचा, दोघं मिळून, आणि मग परत झोपायचं. भजनी मंडळ नाशिकला मी लगेच शोधलं नाही, भुसावळच्या मैत्रिणींना फोनच करत राहिले, आणि ते मला बरं पडलं. तू पण साताऱ्याच्या मैत्रिणी सोडू नकोस, हिंजवडीत नवीन ओळखी व्हायलाच हव्यात अशी घाई कशाला.

हो, एक राहिलं. धडधड, चक्कर, वजन उतरणं याला ताण म्हणून घरी बसू नकोस, आधी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन करून घे. आणि झोपच लागत नसेल किंवा जगणं नको असं मनात येत असेल तर स्केल भरत बसायचं नाही, १४४१६ ला फोन लाव, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि लिहिलं नसलंस तरी "गोड बातमी कधी" हे सुरू झालंच असेल. होम्स-राहेत गरोदरपण ४० आणि घरात नवीन माणूस ३९, तुझ्या ३०९ वर. अजून एक वर्ष नाही हे सासरी सांगायचं काम नवऱ्याचं, तुझं नाही. आमच्या ह्यांनी वन्संना तेव्हा एक वाक्य ऐकवलं असतं तर मला इतक्या वर्षांनी हे इथे लिहावं लागलं नसतं.