परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढ

चि. सौ. नव्हे, नुसतं चि.,

रविवारी चहा निवत ठेवून तू एकच गोष्ट तीनदा बोललीस. ‘काका, बँकॉकला ते गिऱ्हाइकाकडचे लोक बैठकीत सगळ्याला हो म्हणाले, लिफ्टपर्यंत सोडायला आले. महिना झाला, मेलला उत्तर का नाही?’ मी तेव्हा तुटकच बोललो. रात्री डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय.

ते हो म्हणालेच नव्हते. ते ‘ख्रप’ म्हणाले, घाईत नुसतं ‘खप’ ऐकू येतं. पुरुषानं अदबीसाठी जोडायचा तो थाई शब्द; बाई असली तर ‘खा’. तू बोलताना मध्येमध्ये येतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की ऐकतोय, बोला. तू बैठकीच्या मिनिट्समध्ये त्याचं ‘मान्य’ करून टाकलंस.

तिथं ‘क्रेंग जाय’ म्हणून एक गोष्ट असते. जाय म्हणजे मन. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे, भीड. आपण भीड भिकेची बहीण म्हणून मोकळे होतो. तिथं ती संस्काराची खूण. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, साहेबासमोर तर नाहीच. सुवर्णभूमी विमानतळावरचं समुद्रमंथन, 13 एप्रिलचं सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांत, राजाचं नाव राम, हे सगळं तू कौतुकानं सांगितलंस. खरंच आहे. पण ‘आपलेच लोक’ म्हणून तू बैठकीत ताणत गेलीस आणि त्यांची भीड वाढत गेली.

ती बैठकीत सुटत नाही, दुसऱ्या दिवशी सुटते. म्हणून एक दिवस जास्त राहा.

2001 साली बँकॉकजवळ बांग ना रस्त्यावरच्या एका कारखान्यात आम्ही पाठवलेले लोखंडी पीस नापास झाले. मी ड्रॉइंग टेबलावर आपटून तिथल्या तरुण इन्स्पेक्टरला त्याच्या साहेबासमोर विचारलं, ‘मोजलं कुणी?’ तो हसला. मला वाटलं चेष्टा करतोय, मी आणखी चढलो. ते हसू शरमेचं होतं, हे कळायला मला वर्षं लागली. रात्रीच्या विमानानं परतलो. पुन्हा ऑर्डर आली नाही. माझी मापं बरोबर होती, आजही सांगतो. आणि हॉटेलचं एका रात्रीचं बिल वाचवा हे वरूनच सांगितलेलं होतं, मी काय करणार होतो?

काहीतरी करता आलं असतं. एक दिवस राहता आलं असतं, पदरच्या पैशानं.

चार वर्षांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे हट्टानं राहिलो. खरेदी खात्यातले एक वयस्क गृहस्थ दुपारी नूडल्सच्या गाडीवर घेऊन गेले. टेबलावर चार वाट्या: साखर, तिखटाची भरड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर, मिरच्यांचाच फिश सॉस. त्यांनी माझ्या वाडग्यात चमचाभर साखर घातली, ढवळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुमची खोकी उघडली की वास येतो.’ एवढंच.

गंज. जहाजातली दमट हवा, तेलाचा हात हलका, गंज रोखणारा व्हीसीआय कागद स्वस्तातला. आदल्या दिवशी तीन तासांच्या बैठकीत पॅकिंग ‘गुड, गुड’ होतं! मग 2001 सालीही मापांचा प्रश्न नव्हताच की काय? आता कुणाला विचारू?

तेव्हा आणखी मेल धाडू नकोस, जाऊन ये. मंगळवारी बैठक असेल तर परतीचं तिकीट गुरुवारचं. साहेब कुरकुरले तर मला फोन करायला सांग. बुधवारी कुणी जेवायला नेलं तर फाइल हॉटेलवर ठेव आणि विषय तू काढू नकोस, जरा गप्प बस. जमत नाही तुला, मलाही जमत नव्हतं. संध्याकाळी सहाला स्टेशनावर राष्ट्रगीत लागून सगळे थबकले की तूही थबक, फोन खाली.

आणि निघण्याआधी आपलंच एक खोकं पंधरा दिवस बंद ठेव. मग उघडून आधी तू वास घे.

तुझा,
काका