वस्ती आधी स्वस्त कोणी केली?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शहराच्या जुन्या भागातली पडीक, दुर्लक्षित वस्ती काही वर्षांत एकदम महाग होते आणि तिथल्या भाडेकरूंना बाहेर पडावे लागते. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनविषयी लिहिताना या प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले, एवढे मला ठाऊक आहे. पण तिची सुरुवात कशातून होते? नव्याने येणाऱ्या सुखवस्तू लोकांच्या आवडीनिवडीतून, की आणखी कशातून?
– नगररचनेचा एक विद्यार्थी

उत्तर : आवडीनिवडीचा वाटा आहे, पण तो नंतरचा. मुळात ती वस्ती इतकी स्वस्त झालीच कशी, हे आधी विचारायला हवे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील पार्क स्लोप हा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिथली तीन-चार मजली घरे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एकेका सधन कुटुंबासाठी बांधली गेली. भिंती विटांच्या आणि दर्शनी बाजूस काही इंच जाडीच्या तपकिरी वालुकाश्माचे आवरण, अशी त्यांची रचना होती. हा दगड देखणा खरा, पण पाणी मुरले की त्याचे पापुद्रे सुटतात; त्यामुळे डागडुजी थांबल्याचे रस्त्यावरूनच दिसू लागते. पुढे सधन कुटुंबे निघून गेली, घरांचे भाग पाडले गेले आणि जिथे एक कुटुंब राहत असे तिथे खोलीगणिक भाडेकरू आले.

डागडुजी थांबण्यामागे घरमालकांचा आळस किंवा भाडेकरूंचा निष्काळजीपणा नव्हता. त्यामागे कर्जपुरवठ्याचे राजकारण होते. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अमेरिकी सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन स्थापन केले आणि या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवून घेतले. सर्वोत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि कर्ज देण्यास ‘धोकादायक’ ती लाल, असे चार रंग ठरले होते. प्रत्येक विभागासाठी एक छापील तक्ता भरला जाई. त्यात इमारतींचे वय, त्यांची दुरुस्ती आणि भाड्याची पातळी यांच्याच रांगेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण, कृष्णवर्णीयांचे प्रमाण आणि वस्तीत कोणाचा ‘शिरकाव’ होत आहे, यांचेही रकाने होते. शेजारी कोण राहतो, ही बाब छपराच्या गळतीसारखीच इमारतीतला दोष म्हणून नोंदवली जात होती. केवळ या नकाशांमुळे सारे घडले, असे म्हणणे अतिसुलभ ठरेल. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना सरकारी विम्याचे पाठबळ देताना तसेच निकष लावले, आणि त्याचा परिणाम बहुधा अधिक खोल झाला. कारण पैशाचा ओघ त्यामुळे उपनगरांतल्या नव्या, गोऱ्यांच्या वसाहतींकडे वळला.

कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही, असे हे चक्र अनेक वर्षे चालले. भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले. आहे त्या अवस्थेत जागेतून मिळणारे उत्पन्न आणि तिचा उत्तम वापर झाल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांतले अंतर दुर्लक्षामुळे वाढत जाते; ते पुरेसे वाढले की गुंतवणूक परत येते, कारण हे अंतरच तिचा नफा असते. म्हणजे पडझड आणि भाववाढ या दोन वेगळ्या घटना नाहीत. पहिली झाली म्हणूनच दुसरी फायद्याची ठरते.

पार्क स्लोपमध्ये साठच्या दशकात तरुण मध्यमवर्गीय कुटुंबे ही घरे घेऊ लागली, तेव्हा बँका त्यांनाही सहजी कर्ज देत नव्हत्या. पुढाकार घेतला तो ब्रुकलिन युनियन गॅस या कंपनीने. १९६६ मध्ये तिने तिथली पडीक घरे दुरुस्त करून दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. यात परोपकारापेक्षा हिशेब मोठा होता, कारण वस्ती ओस पडली तर गॅसच्या नळ्या उखडून उपनगरात नेता येत नाहीत. १९७३ मध्ये या भागाला ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला, त्यामुळे दर्शनी दगडाला कायद्याचे संरक्षण लाभले. खोल्यांतून राहणाऱ्या भाडेकरूंना त्या दर्जाने काहीच दिले नाही. घर पुन्हा एका कुटुंबाचे झाले, याचा दुसरा अर्थ इतर सर्व बिऱ्हाडे तिथून गेली, हा आहे.

प्रश्न : अशा वस्त्यांतून गरीब लोक फारसे बाहेर पडत नाहीत, असा निष्कर्ष काही अभ्यासांत निघाल्याचे वाचले. मग विस्थापनाची तक्रार अतिरंजित म्हणायची का?
– एक नियमित वाचक

उत्तर : तुमचा रोख बहुधा लान्स फ्रीमन आणि फ्रँक ब्राकोनी यांच्या २००४ च्या अभ्यासाकडे असावा. न्यूयॉर्कमधील भाववाढ होत असलेल्या वस्त्यांतली गरीब कुटुंबे इतर भागांतल्या तशाच कुटुंबांच्या तुलनेत कमी प्रमाणात घर बदलतात, असे त्यांना आढळले. ते अविश्वसनीय नाही. परिसर सुधारत असेल तर कोणालाही राहावेसेच वाटेल, आणि ज्यांच्या भाड्यावर कायद्याचे नियंत्रण आहे ते तर चिकाटीने जागा धरून ठेवतात.

मात्र गरीब भाडेकरू श्रीमंत शहरातही वारंवार घरे बदलतो. नोकरी जाते, कुटुंब वाढते, घरमालक बदलतो. पूर्वी एक गरीब कुटुंब गेले की त्या जागी दुसरे गरीब कुटुंब येत असे. आता येते ते सधन. कोणालाही हुसकावून न लावता वस्ती बदलते, आणि ज्याला आत येताच आले नाही त्याची नोंद बाहेर गेलेल्यांच्या हिशेबात सापडणे शक्यच नसते. पीटर मार्क्युझ यांनी १९८५ मध्येच प्रवेश नाकारला जाणे हाही विस्थापनाचा प्रकार मानला होता. मला ते पटते.

प्रश्न : जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी सरकारने अनुदान दिले, तर राहणारेही टिकतील आणि घरेही टिकतील, असे का होत नाही?
– निवृत्त अभियंता

उत्तर : अनुदान घराला मिळते की राहणाऱ्याला, यावर ते अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये १९५७ च्या कायद्याने जुना भाडेकरू बाहेर पडताच त्या जागेवरचे भाडेनियंत्रण उठू लागले. साहजिकच भाडेकरू नसलेले घर भाडेकरूसह असलेल्या घरापेक्षा मौल्यवान ठरले. त्यात १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीचे अनुदान वाढवले आणि त्यावरच्या अटी सैल केल्या. लंडनच्या बार्न्सबरीसारख्या भागात घर रिकामे करून घ्यायचे, सरकारी पैशाने नीटनेटके करायचे आणि चढ्या भावाने विकायचे, हा मार्ग त्यातून मोकळा झाला. १९७४ मध्ये काही अटी पुन्हा घालाव्या लागल्या.

केवळ भाडे गोठवणे हाही टिकाऊ उपाय ठरेलच असे नाही. जर्मनीत राज्याचाही दर्जा असलेल्या बर्लिन शहराने फेब्रुवारी २०२० मध्ये भाड्यांना मर्यादा घातली, पण हा अधिकार राज्याचा नाही, असे सांगत जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो कायदा रद्द केला. मला अधिक आश्वासक वाटते ती जमीन आणि घर यांची मालकी वेगळी ठेवणारी लोकन्यासाची पद्धत. अमेरिकेतील बर्लिंग्टन या लहान शहरात ती १९८४ पासून चालू आहे. जमीन न्यासाची राहते आणि घर कुटुंबाचे. विकताना भाववाढीचा मर्यादित हिस्साच कुटुंबाला मिळतो, त्यामुळे पुढच्या खरेदीदारालाही ते परवडते. अडचण एवढीच की न्यासाने जमीन वस्ती स्वस्त असतानाच घ्यावी लागते, आणि त्या काळात अशा खर्चाची निकड नगरपालिकेला सहसा पटत नाही.