लहान मोटारीत मोठी जागा

प्रश्न : १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेली 'मिनी' ही मोटार जेमतेम ३.०५ मीटर लांब होती. मग तिच्यात चार माणसे कशी मावत असत?

उत्तर : सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगात तेलाचा पुरवठा अडल्यामुळे १९५६ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि कमी इंधनावर चालणाऱ्या छोट्या मोटारीची निकड भासू लागली. अभियंते ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, त्याची शक्ती पुढच्याच चाकांना दिली आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत ठेवला. त्यामुळे यंत्रसामग्रीने फारच थोडी लांबी व्यापली आणि सुमारे ८० टक्के जागा प्रवासी व सामान यांच्यासाठी मोकळी राहिली. अवघ्या १० इंची चाकांमुळे आणि स्प्रिंगांऐवजी वापरलेल्या अभियंते ॲलेक्स मोल्टन यांच्या रबरी शंकूंमुळेही जागा वाचली. अर्थात, धक्के मात्र चांगलेच जाणवत.

इंजिन आणि गिअर यांना एकच तेल पुरवण्याची युक्ती मला चतुर वाटते, पण ती निर्दोष नव्हती, कारण गिअरच्या दात्यांमध्ये चिरडले जाऊन ते तेल लवकर निकामी होई. १९६४ च्या 'ऑटोबियांकी प्रिम्युला' या इटालियन मोटारीत अभियंते दान्ते जिआकोझा यांनी गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या टोकाला जोडला, त्यामुळे दोघांचे तेल वेगळे राहिले, आणि पुढे बहुतेक छोट्या मोटारींनी हीच मांडणी उचलली.