नस्ती: 'नास्ति' नव्हे, वेसण!

प्रश्न असा आला आहे: "'आपली तक्रार नस्तीबद्ध करण्यात आली आहे' असं पत्र मिळालं. म्हणजे नोंदवून घेतली ना? आणि हा शब्द 'नास्ति'वरून आला का?"

दोन्हीचं उत्तर 'नाही' असंच. नस्ती म्हणजे सरकारी कचेरीतली फाईल. नस्तीबद्ध म्हणजे कागद फायलीला लावला आणि प्रकरण मिटवलं. जुन्या भाषेत दप्तरी दाखल.

'नास्ति' म्हणजे संस्कृतात 'नाही'; त्यावरची कोटी ऐकून आता कान किटले. फाईल सापडत नाही म्हणून नस्ती, हा विनोद एकदा ठीक आहे, पण त्याची व्युत्पत्ती करू नका. आणि 'नास्ती' असं लिहू तर नकाच!

संस्कृतात 'नस्ता' म्हणजे नाकाच्या पडद्याला पाडलेलं भोक, आणि वेसण घातलेला बैल तो 'नस्तित'. आता फायलीकडे बघा. कागदांच्या कोपऱ्याला भोक आणि त्यातून ओवलेला टॅग. वेसणच की! हिंदीतली 'नत्थी' याच नाकाची. इंग्रजी 'फाईल'सुद्धा लॅटिन 'फिलम'वरून, म्हणजे दोऱ्यावरून आली. पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. त्यांनी दोरा पाहिला, आपण भोक पाहिलं.

'न्यस्त' म्हणजे ठेवलेलं, त्यावरून नस्ती, असं ठासून सांगणारेही भेटतात. त्यांनी आयुष्यात टॅग ओवलेला नसावा. नुसता ठेवलेला कागद कुणीही उचलून नेतो. ओवलेल्यातलं पान ३७ काढून बघा, ३६ नंतरचं ३८ लगेच बोंब मारतं.

माझं तर म्हणणं, ही वेसण कागदाला नाहीच, माणसांना आहे. शेजारच्याच टेबलावरचे साहेब तोंडाने काही बोलत नाहीत. नस्तीवर 'कृपया चर्चा करावी' असा शेरा मारतात. ती आवक-जावक करत आपल्याकडे येते, मग आपण उठून चार पावलं जातो, दोन मिनिटं बोलतो आणि परत येऊन 'चर्चेनुसार' असं लिहून ती पुन्हा सादर करतो. नस्ती आली नसती तर बोलायचं तरी कशाच्या आधारावर? भाषाही बघा: नस्ती 'वर गेली', 'खाली आली', 'अडकली'. कुणी नेली, कुणी अडवली, ते वाक्यात नसतंच. सगळा कर्तेपणा त्या बैलाकडे! आता फाईल पडद्यावर आली, भोक गेलं, टॅग गेला, तरी ती 'वर'च जाते.

तुमच्या तक्रारीचं राहिलंच. त्या पत्राच्या माथ्यावरचा क्रमांक नव्या अर्जात संदर्भ म्हणून घाला. मग जुनी नस्ती कपाटातून काढावीच लागते.