नागपूरच्या अजब बंगल्यात विदर्भाच्या जुन्या शेतीबद्दल काही बघायला मिळतं का? मुलांना नेणार आहे, काय बघावं?

मिळतं, पण शोधावं लागतं. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय (अजब बंगला) १८६३ चं आहे. मांडणी प्राणी, शिल्पं, शस्त्रं, आदिवासी जीवन अशी. त्यामुळे 'शेती' अशी पाटी शोधत फिरलात तर हाती काही लागणार नाही. सोमवारी बंद असतं. मुलं आधी प्राण्यांकडेच पळतील, पळू द्या.

शेतीसाठी पहिला मुक्काम पुरातत्त्वाचा. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड ही सगळी नागपूर जिल्ह्यातली महापाषाणकालीन, म्हणजे मोठे दगड मांडून दफनं करणाऱ्या लोखंडयुगातल्या लोकांची ठिकाणं. तिथल्या उत्खननांत लोखंडी कुऱ्हाडी, कुदळी निघाल्या, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. जळालेले धान्याचे दाणेही मिळालेत. या काळाची कुऱ्हाड दिसली तर पात्याच्या मागच्या भागावर एकमेकींना छेद देणाऱ्या लोखंडी पट्ट्या आहेत का बघा. पात्याला दांड्यासाठी भोक नाही, म्हणून ते या पट्ट्यांनी दांड्याला आवळायचे. लाकूड केव्हाच कुजून गेलं, पट्ट्या राहिल्या. "दांडा कुठून कुठे जात असेल?" असं मुलांना विचारा, पाटी वाचण्यापेक्षा यात जास्त वेळ रमतात.

काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे गोल मांडलेले मोठे दगड, हीही याच संस्कृतीची. त्यांच्यावर १८७९ मध्ये लिहिणारा रिव्हेट-कार्नाक हा मध्य प्रांताचा कापूस आयुक्त होता. इंग्रजांचा डोळा इथल्या कापसावर, आणि फिरता फिरता वर्तुळंही नोंदली गेली.

आता लाकडी अवजारं. ती संग्रहालयात दिसोत की कळमेश्वर-उमरेडकडच्या एखाद्या गोठ्यात, बघायची रीत एकच: आधी लोखंड बघायचं, मग भोकं, मग लाकूड. लाकूड दर काही वर्षांनी बदललेलं असतं, त्यावरून वय काढू नका.

आपल्याकडचं मुख्य अवजार वखर, नांगर नव्हे. काळ्या जमिनीत नांगर घातला की मोठी ढेकळं निघतात. कुंदा, हरळी अशी चिवट तणं माजली की काही वर्षांनी एकदा, जादा बैल जुंपून नांगरायचं. एरवी वखराच्या पाळ्या, म्हणजे फेऱ्या. वखराची पास, म्हणजे आडवं लोखंडी पातं, जमिनीच्या पोटातून सरकत तण कापतं आणि भेगा बुजवतं, त्यामुळे ओल टिकते. पास किती रुंद उरली आहे ते बघा. झिजून अरुंद झालेली पास म्हणजे खूप चाललेला वखर. पास फार सपाट बसली तर वरवर घसरते, फार उभी बसली तर माती पुढे ढकलत नेते आणि बैल दमतात.

तिफणीपाशी, म्हणजे पेरणीच्या अवजारापाशी, मात्र सावकाश थांबा. वर लाकडी चाडं, म्हणजे बी सोडायची वाटी, त्याच्या तळाशी तीन भोकं, तिथून बांबूचे तीन नळे खाली पोकळ फणांत उतरतात. मूठ धरणारी बाई चाड्यात बी सोडत चालते. भोकं सारखीच असली तरी बी सारखं पडणं तिच्या बोटांवर असतं. ओल्या जमिनीत फणाच्या तोंडाशी चिखल बसला की तो नळा तुंबतो. वरून काही कळत नाही, आठवड्यानं अख्खं तास उगवत नाही तेव्हा कळतं. म्हणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, वळताना फण झाडून बघायची पद्धत. तुरीसारखं दुसरं बी त्याच फेरीत टाकायचं तर तिफणीमागे दोरीनं सरतं, म्हणजे बी सोडायचा वेगळा नळा, बांधतात. संग्रहालयात सरतं बहुधा सुटं ठेवलेलं असतं आणि लोक त्याला पुंगळी समजून पुढे जातात.

मापं ठेवलेली असतील तर पायलीत चार शेर, खंडीत वीस मण एवढं सांगितलं तरी पुरे. लिटर-किलोत नेमकं रूपांतर करून सांगू नका, माप मुलखागणिक बदलायचं.

तास-दीड तास पुष्कळ झाला. मुलांना आणखी उत्साह असेल तर जवळच महाराजबाग आहे, कृषी महाविद्यालयाच्या आवारातली. हे महाविद्यालय १९०६ पासूनचं. मुलं तिथेही वाघाकडेच जातील, पण तो भाग वेगळा.